उपाशीपोटी या

लॅबचा फोन वाजला की कोण बोलतंय, कसली तपासणी आहे, हे पुरतं ऐकून घ्यायच्या आत माझ्या तोंडून एक वाक्य निघून जायचं. "सकाळी उपाशीपोटी या." वीस-बावीस वर्षांत ते किती वेळा म्हणालो असेन, कोण जाणे. साखर असो, थायरॉइड असो, नुसतं हिमोग्लोबिन असो, सगळ्यांना एकच मंत्र. त्यामागं माझा एक हट्ट होता. लोकांना फोनवर दोन गोष्टी सांगितल्या की ते तिसरीच करून येतात. एखाद्याला म्हणावं, तुम्ही खाऊन आलात तरी चालेल, तर तो गावभर सांगत सुटणार की लॅबवाले जेवून या म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी साखर तपासायला आलेले सगळे पोहे खाऊन हजर. त्यापेक्षा सरसकट उपाशी बोलावलेलं बरं. एक वेळ उपाशी राहिलं म्हणून कुणी मरत नाही, असं मी आमच्या रिसेप्शनवरच्या बाईंना एकदा ऐकवलंही होतं.

मी स्वभावानं तसा तुसडाच. लातूरला दवाखान्यांच्या गल्लीत एका खासगी लॅबमध्ये टेक्निशियन होतो. मूळ गाव देगलूर तालुक्यात, शिक्षण नांदेडला, पहिली चार वर्षं नोकरीही तिथंच, मग लातूर. रक्त काढायला माझा हात हलका आहे असं पेशंट म्हणायचे. बोलणं मात्र हलकं नव्हतं. कुणी रांग मोडून पुढं आलं, ओळख सांगायला लागलं, की माझं डोकं फिरायचं. सासऱ्यांनासुद्धा मी एकदा नंबरानं बसवलं होतं, आणि ती गोष्ट बायको आजही विसरलेली नाही.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्याची ही आठवण आहे. त्याआधीचे पावसाळेही कोरडेच गेले होते. नळाला पाणी येऊन किती दिवस झाले हे शेजाऱ्यांना विचारावं लागायचं. टँकर गल्लीत शिरला की बायका चुलीवरचं तसंच टाकून घागरी घेऊन धावायच्या. आमच्या घरची घागर मी धरायचो, आणि तिथंही रांगेवरून भांडायचो. लॅबमध्ये मात्र शुद्ध पाण्याचे जार रोज येत, कारण मशिनचं त्यावाचून चालत नाही. पाणी कमी पडलं की ती लाल दिवा लावते आणि सरळ काम थांबवते. पेशंट बसायचे तिथं बाहेर एक माठ होता. लोक त्यातून बाटल्या भरून न्यायला लागले तेव्हा मालकांनी मला विचारलं, काय करावं. माठ उचलून आत ठेवा, असं मीच सांगितलं. उपाशी आलेल्यांना कशाला पाहिजे पाणी, असंही वर म्हणालो. उपाशीपोटी पाणी चालतं हे मला पक्कं ठाऊक होतं. बोलायला काय जातं, म्हणून बोललो.

माझी अक्का माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. आई शेतावर मजुरीला जायची, त्यामुळं मी वाढलो तो अक्काच्या कडेवर. मला शाळेत तिनं घातलं, पाटी तिनं आणली, आणि पहिल्या दिवशी मी रडलो म्हणून वर्गाच्या दारात ती दुपारपर्यंत बसून राहिली, हे तिनं मला कैकदा सांगितलं आहे. तिचं लग्न देवणीजवळच्या एका गावात झालं, त्याच सुमाराला लातूर हा वेगळा जिल्हा झाला. आमचा नांदेड, तिचा लातूर. अक्का आता दुसऱ्या जिल्ह्यात गेली, या गोष्टीचा मी एवढा धसका घेतला होता की तिला भेटायला जायचं तर कुणाची परवानगी काढावी लागते का, असं मास्तरांना विचारलं होतं.

दाजींना, म्हणजे अक्काच्या मालकांना, जिल्ह्याचं भारी वेड. लातूर जिल्हा झाल्याची जिलेबी त्यांनी खाल्लेली. पुढं उदगीर जिल्हा व्हावा अशी मागणी सुरू झाली तेव्हापासून ते तिच्या नादाला लागले. रस्त्यात खड्डा दिसला, मास्तर वेळेवर आला नाही, विजेची डीपी जळाली, की दाजी म्हणायचे, उदगीर जिल्हा होऊ द्या, मग बघा. आम्ही त्यांची चेष्टा करायचो. अक्काच्या पोरीचं लग्न लांबलं तेव्हा मी म्हणालो होतो, दाजी, जिल्हा झाल्यावर धरू का तारीख. अक्का पदर तोंडाला लावून हसली होती.

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी अक्काचं पोट फुगायला लागलं. आधी गॅसचं औषध झालं, मग सोनोग्राफी झाली, आणि अंडाशयाचा कॅन्सर निघाला. लातूरलाच ऑपरेशन झालं. मग सलाइनमधून औषधाचे डोस झाले, केस गेले, परत आले. सहा-सात महिने बरे गेले आणि पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर पोटात पुन्हा गाठ दिसली. अक्कानं ते ऐकून घेतलं आणि म्हैस कधी विणार ते मला सांगायला लागली. तिचं असंच असायचं. रडायचं काम तिनं माझ्यावर सोपवलेलं होतं.

मग एके दिवशी तिचा फोन आला. इकडतिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, उजवा पाय सुजायलाय रे. एकच. कधीपासून म्हणून विचारलं तर म्हणे आठ दिस झाले. इतके दिवस बोलली नाही, कारण दाजी जनावरं घेऊन चारा छावणीवर गेले होते, घरात सून आणि नातवंडं, आणि सुजलेल्या पायाचं कौतुक कुणाला सांगणार.

एकच पाय सुजला म्हटल्यावर मी तिच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना भेटलो. त्यांनी लगेच चिठ्ठी लिहून दिली. पायाची सोनोग्राफी, डी-डायमर, रक्तातल्या पेशी, किडनी. डी-डायमर म्हणजे काय ते इथं सांगून टाकतो. रक्ताची गुठळी झाली की शरीर आपलं आपणच ती मोडायला लागतं, आणि मोडलेले बारीक तुकडे रक्तात फिरत राहतात. ते तुकडे मोजायची ही तपासणी. आकडा चढला की कुठंतरी गुठळी झाली असावी अशी शंका घ्यायची. कॅन्सरमध्ये रक्त मुळातच गोठायला टपलेलं असतं, म्हणून डॉक्टरांना त्या पायाची काळजी वाटत होती. पायातली गुठळी फुप्फुसात जाईल, एवढीच भीती मला माहीत होती.

त्या चिठ्ठीतल्या एकाही तपासणीला उपाशी राहायची गरज नव्हती. हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. मी अक्काला फोन लावला, उद्याच्या उद्या निघ म्हणालो, आणि फोन ठेवता ठेवता म्हणालो, "उपाशीपोटी ये."

ती एकटीच निघाली. देवणीहून उदगीर, उदगीरहून लातूर. मधे बस बंद पडली, दुसरी यायला वेळ लागला, आणि लॅबच्या दारात ती आली तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. ऊन मी म्हणत होतं. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढलेला, हातात पिशवी, चप्पल एकाच पायात. दुसरी तिनं हातात धरली होती, सुजेमुळं ती चढत नव्हती. आत मी सुई घेऊन उभा होतो, बाहेर पंधरा-वीस माणसं. तिला पाहून बरं वाटलं. हातानंच खूण केली, बस जरा, गर्दी ओसरू दे. माझा नियम तिला माहीत होता. ती कोपऱ्यातल्या बाकावर बसली आणि तासभर तिनं हू की चू केलं नाही.

तिला आत घेतलं तेव्हा मी गंमत केली, काय अक्का, आमच्या लातूरचं पाणी बघायला आलीस का. ती ओठांवरून जीभ फिरवत हसली. डाव्या हाताला पट्टा बांधला, शीर सापडेना. कोपराशी थोपटलं, मूठ आवळायला लावली, तरी नुसती दोऱ्यासारखी काहीतरी लागत होती. माझा हात हलका म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी बघायला पाहिजे होतं. दुसऱ्या खेपेला रक्त आलं, ते थेंबाथेंबानं. गोठण्याच्या तपासणीची नळी निळ्या टोपणाची असते, तिच्यात रक्त बरोबर रेषेपर्यंत भरावं लागतं, नाहीतर आकडा चुकतो. कशीबशी ती भरली. मग सुई काढली, कापूस ठेवला आणि नेहमीसारखं म्हणालो, दाबून धर.

तिनं उजवा हात उचलून कापसावर ठेवला आणि तो घसरून मांडीवर पडला. मी परत ठेवला. परत पडला. अक्का त्या हाताकडं बघत होती, जसं शेजारी बसलेल्या बाईच्या हाताकडं बघावं.

लॅबमध्ये रोज एकदोघांना तरी चक्कर येते. उपाशी असतात, रक्त बघून घाबरतात, ऊन असतं. अशा वेळी काय करायचं ते आमच्या हाताला इतकं बसलेलं की डोकं वापरावं लागत नाही. झोपवायचं, पाय वर, पंखा, गोड चहा आणि दोन बिस्किटं. मी अक्काला टेबलावर आडवं केलं आणि लॅबची झाडलोट करणाऱ्या मावशींना चहा आणायला सांगितलं. मावशी चहा घेऊन येईपर्यंत मी नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होतो. उपाशी आहे, होईल ठीक, असं अक्कालाच सांगत होतो. चहा आला. मी तिला उठवून बसवलं आणि कप तोंडाला लावला. चहा उजव्या बाजूनं तसाच हनुवटीवरून गळ्यात ओघळला.

माझ्या आधी ते मावशींच्या ध्यानात आलं. त्यांचा नवरा पाच वर्षं अंथरुणावर होता. त्यांनी माझ्या हातातून कप काढून घेतला आणि म्हणाल्या, "साहेब, ही चक्कर न्हाई. बाईच्या अंगावरून वारं गेलंय. तोंड बघा की त्यांचं."

मी तोंड बघितलं. उजवा गाल उतरला होता, लकव्यात उतरतो तसा. अक्का, काय होतंय, मी विचारलं. ती बोलली, पण ते शब्द नव्हते. तिला मात्र आपण नीट सांगतोय असं वाटत होतं, कारण मला कळेना तेव्हा ती चिडली.

रिक्षा करून दोन मिनिटांत मोठ्या दवाखान्यात नेलं. चहा आणि बिस्किटांच्या नादात माझी पंचवीस मिनिटं गेली होती. वाटेत तोच विचार डोक्यात होता. दवाखान्यात त्यांनी तिला मेंदूच्या फोटोसाठी आत नेलं आणि मला बाहेर बसवलं. मला तिथं बसवेना. जवळच राहणाऱ्या भावकीतल्या एका बाईला बोलावून दारात बसवलं आणि मी लॅबवर परत गेलो. लॅबचे मालक म्हणाले, तू राहू दे, तिचं रक्त मशिनला दुसरं कुणी लावेल. मी ऐकलं नाही. अक्काचं रक्त दुसऱ्याच्या हातात द्यायची कल्पनाच मला सहन होईना.

डी-डायमरचा आकडा मशिनच्या मर्यादेच्या बाहेर गेला. मला वाटलं, थेंबाथेंबानं काढलं, नळीतच गोठलं असेल, माझीच चूक. नळी तिरकी करून पाहिली, काडी घालून पाहिली. गुठळी नव्हती. पातळ करून परत लावलं, हिशेब केला, आणि जो आकडा आला तो तेवढ्या वर्षांत मी क्वचितच लिहिला होता. मग पेशींचा रिपोर्ट आला. महिन्यापूर्वीचा माझ्याकडं होताच. औषधांनी थकलेल्या बाईचं रक्त पातळ असतं, तसं ते मागच्या महिन्यात होतं. आज ते चांगलं दाट दिसत होतं. युरियाही चढलेला. कुणाही टेक्निशियनला याचा अर्थ कळतो. शरीरातलं पाणी आटलं होतं. मी स्टुलावर बसलो आणि पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं की ती उपाशी आली ती आपणच सांगितलं म्हणून.

दुपार कलल्यावर अक्काची सून आली. तिला मी विचारलं, निघताना काय खाल्लं-प्यायलं होतं. ती म्हणाली, "काल सांजच्यापासून पाण्याला शिवल्या न्हाईत, मामा. तुमीच उपाशी बोलावलंय म्हणल्या."

हळूहळू सगळं कळलं. ऑपरेशनच्या आदल्या रात्री नर्सनं अक्काला बजावलं होतं, काही घ्यायचं नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. भूल द्यायची होती म्हणून. अक्कानं तोच नियम पक्का धरला, आणि तेव्हापासून दरवेळी रक्त द्यायला ती तशीच येत होती. मी एकदाही विचारलं नव्हतं. त्यात बाईमाणूस एसटीच्या लांबच्या प्रवासाला निघताना पाणी पीत नाही, वाटेत उतरायची सोय नसते. आणि घरात दोनच घागरी पाणी होतं, नातवंडं लहान होती. आमच्या आजोबांनी बुद्ध धम्म घेतला तेव्हापासून घरात नवस नाही, उपास नाही. देवासाठी आयुष्यात एक उपास न केलेली बाई माझ्या एका वाक्याखातर अठरा तास कोरडी राहिली.

मेंदूच्या फोटोत एकाच जागी नाही, दोन्ही बाजूंना मिळून चार-पाच ठिकाणी ठिपके होते. त्यातला सगळ्यात मोठा डावीकडं, बोलण्याच्या जागेवर. डॉक्टरांनी मला फोटो उजेडावर धरून दाखवला. ठिपके असे विखुरलेले आणि सोबत डी-डायमर इतका चढा, म्हणजे कॅन्सरनंच रक्त गोठवलं आहे, असं ते म्हणाले. पायातही गुठळी निघाली. गुठळी विरघळवण्याचं जालीम औषध तिला देता येत नव्हतं, पोटातल्या गाठीतून रक्त जायची भीती होती. त्यामुळं तुमच्या चहानं काही बिघडलं नाही, लवकर आणलं असतं तरी मी ते दिलं नसतं, असं त्यांनी आपणहून सांगितलं. रक्त गोठू न देणारं इंजेक्शन पोटाच्या कातडीत सकाळ-संध्याकाळ द्यायचं ठरलं.

मी त्यांना पाण्याचं विचारलं. सगळं सांगितलं, माठासकट. त्यांनी महिन्यापूर्वीचा आणि आताचा रिपोर्ट शेजारी ठेवून पाहिला, मग म्हणाले,

"पायात गुठळी आधीपासून होती. हा आकडा एका दिवसात असा चढत नाही. हे तिला पुढच्या आठवड्यात झालं असतं, कदाचित झालंही नसतं. पाणी नव्हतं, त्यानं भर पडली असेल. किती पडली, ते मला सांगता येणार नाही, आणि तुमच्या कुठल्या मशिनवरही ते मोजता येणार नाही."

दाजी दुसऱ्या दिवशी छावणीवरून आले. अंगरख्याला कडब्याच्या काड्या चिकटलेल्या. अक्काजवळ बसले, तिचा उजवा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला. ती त्यांना काहीतरी सांगायला लागली, तोंडातून भलतंच निघालं, तिनं डोळे मिटून घेतले. बाहेर आल्यावर दाजी म्हणाले, उदगीर जिल्हा असता तर हा दवाखाना तिथंच असता, ती एवढी लांब उन्हात आलीच नसती. या वेळी मी चेष्टा केली नाही. त्यांचं म्हणणं खरंच होतं. मी त्यांना उपाशीपोटीचं सांगितलं. ते नुसते हं म्हणाले आणि छावणीतल्या गाईंची चौकशी करायला फोन लावून बसले. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पंधरा दिवसांनी अक्काला सोडलं. गावाकडं न नेता मी तिला माझ्या घरी आणलं, इंजेक्शनं मी देऊ शकत होतो आणि व्यायाम घ्यायला माणूस इथं मिळत होता. सून सोबतीला राहिली. रोज इंजेक्शन देताना अक्का पोट उघडं करून भिंतीकडं बघायची. पोटावर हिरवेनिळे डाग पडले होते, त्यातून मोकळी जागा शोधून मी सुई टोचायचो. दर तासाला पाणी देत होतो. घड्याळ लावून देत होतो. ती नको म्हणून मान हलवायची तरी पेला धरून उभा राहायचो. एकदा बायको म्हणाली, बस करा आता, त्यांना धाप लागली. लॅबमध्ये बाहेरच्या बाकांजवळ माठ परत आला होता, तो मीच रोज भरायचो. फोनवरचं ते वाक्यही गेलं. आता मी आधी तपासणी विचारायचो, मग खाणं, मग पाणी, आणि समोरचा माणूस कंटाळून हो हो म्हणेपर्यंत बोलायचो. पण हे सगळं अक्काला सांगितल्याशिवाय काही खरं नव्हतं, हे मला कळत होतं.

सांगता येत नव्हतं. तिला बोलता येत नसताना सांगणं म्हणजे पळपुटेपणा वाटायचा. जिला उलटून चार शब्द सुनावता येत नाहीत, तिच्यापुढं कबुली द्यायची आणि आपण मोकळं व्हायचं, हे कसलं सांगणं. म्हणून मी तिच्या बोलण्याची वाट बघत राहिलो. ते आलं, पण फार सावकाश. आधी सुटे शब्द, तेही चुकलेले. भाकरी पाहिजे असली की गाडी म्हणायची, मग स्वतःच मान हलवायची. महिनाभरानं शब्द जागेवर यायला लागले. एकेक शब्द काढताना तिच्या कपाळावर घाम यायचा, मान ताठ व्हायची. दिवसाकाठी दहा-बारा शब्द झाले की ती थकून भिंतीकडं तोंड करून पडायची. चार शब्द सलग तिनं एकदाही जुळवले नव्हते. कॅन्सर आपल्या जागी होताच. ती पुढच्या उन्हाळ्यापर्यंत राहिली, गावीच वारली, दाजींच्या हातून पेज घेत गेली. त्याचं दुःख वेगळं आहे आणि ते मला सोसतं.

अक्काला माझ्या घरी आणून दीड महिना होऊन गेला होता. दुपारी जेवणं झाली होती. अक्का खाटेवर बसून उजव्या हातात चिंध्यांचा चेंडू दाबत होती, बोटं अजून पुरती मिटत नव्हती. सून दारात बसून तांदूळ निवडत होती. मी खुर्ची ओढून अक्कासमोर बसलो आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. त्या दिवशीच्या एकाही तपासणीला उपाशी यायची गरज नव्हती. पाणी तर कशालाच बंद नसतं. मी सवयीनं बोललो. माठ मी काढायला लावला. तू आलीस तेव्हा मी तुला आधी आत घ्यायला हवं होतं, मी नंबरानं बसवलं. तुझी वाचा माझ्यामुळं गेली असेल, अक्का. डॉक्टर सांगता येत नाही म्हणतात, पण मला तसंच वाटतं. रिपोर्टात काय दिसलं, ते मात्र मी बोललो नाही. 

तिनं चेंडू दाबायचं थांबवलं.  मग तिची मान ताठ झाली, कपाळावर घाम आला, आणि मला वाटलं आता शिव्या येणार. येऊ देत, त्यासाठीच मी बसलो होतो.

"बसमधी," ती म्हणाली. बराच वेळ थांबली. "पाणी पिले की मी." पुन्हा थांबली. ओठ दोनदा हलले, शब्द चुकला, तिनं तो मान हलवून सोडून दिला आणि दुसरा शोधला. "एका बाईनं... बाटली दिली. गार व्हतं. पोटभर पिले."

दारातली सून तांदूळ निवडायची थांबली होती. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. त्या उन्हाळ्यात परक्या बाईला बसमध्ये पोटभर पाणी कोण देणार होतं. आणि अक्काचं त्या दिवशीचं रक्त मी स्वतः दोनदा तपासलं होतं. आजारी पडल्यापासून एका वेळी ती इतकं कधी बोलली नव्हती. दिवसभराचे सगळे शब्द तिनं एकाच बसण्यात, धाप लागेपर्यंत जुळवले, ते माझ्याशी खोटं बोलायला.

मी म्हणालो, "मग बरं झालं, अक्का."

तिनं मान हलवली आणि पुन्हा चेंडू दाबायला लागली. मी उठून मोरीत गेलो, दार लावून घेतलं, आणि तिथं उभा राहून पोटभर रडलो.